अंगाला सोसेल आणि मातीलाही सोसेल

(वरुणा येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला दिलेल्या विषयाचे नाव जरा भारदस्त आहे : 'वस्तूंच्या रचनेत अर्गोनॉमिक्स आणि पर्यावरण यांचा मेळ'. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये अशी विनंती आहे. हा विषय आपल्या स्वयंपाकघरातला, रेल्वेच्या डब्यातला आणि या मांडवातलाही आहे.

अर्गोनॉमिक्स म्हणजे माणसाच्या अंगाला मानवेल, हाताला बसेल आणि डोक्याला घोटाळ्यात पाडणार नाही अशी वस्तू करण्याचे शास्त्र. शब्द परका असला तरी विचार आपल्याकडे जुनाच आहे. विळीचा पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात चिरायला मोकळे राहतात. जात्याचा खुंटा समोरासमोर बसलेल्या दोघींना धरता येतो. नांगराचे रुमणे धरणाऱ्याच्या उंचीला जुळवून घेतलेले असते. ही मापे कोणी पुस्तकात लिहून ठेवलेली नव्हती. वस्तू करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत. रुमणे हाताला लागत असेल तर शेतकरी संध्याकाळी सुताराच्या दारात जाऊन बसायचा आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त व्हायचे.

पुढे कारखाने आले. वस्तू करणारा एका मुलखात आणि वापरणारा दुसऱ्या मुलखात, असे झाले. तक्रार सुताराच्या दारापर्यंत पोहोचेनाशी झाली, तेव्हा शास्त्राची गरज पडली. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द १८५७ साली पोलंडमधल्या एका शास्त्रज्ञाने, ग्रीक भाषेतील 'काम' आणि 'नियम' या अर्थाचे दोन शब्द जोडून तयार केला. मात्र या शास्त्राला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धात. उत्तम शिकलेले अमेरिकन वैमानिक विमान उतरवताना एकसारख्या दिसणाऱ्या दोन दांड्यांमध्ये घोटाळा करीत आणि भलतीच दांडी ओढीत. प्रथम वैमानिकांनाच दोष दिला गेला. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की दांड्या शेजारी शेजारी आणि एकाच आकाराच्या असतील तर थकलेला माणूस चुकणारच. मुठींचे आकार वेगळे केले आणि चुका थांबल्या. हे उदाहरण आपण जरा ध्यानात ठेवावे, कारण पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीमध्ये १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. त्याच्या उभारणीत प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रा. देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय माणसांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. हात किती लांब, गुडघा किती उंच, मांडी घालून बसल्यावर जागा किती लागते, ही आपल्या माणसांची मापे डिझाइनरच्या टेबलावर आली.

विषयातला दुसरा शब्द पर्यावरण. वस्तूच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. ती कशातून आली, तयार होताना आणि वापरताना किती इंधन व पाणी लागले, आणि काम संपल्यावर ती कुठे गेली, एवढा हिशेब.

हे दोन विषय कॉलेजात वेगवेगळ्या तासांना शिकवतात. माझे म्हणणे असे आहे, की ती एकाच खतावणीची दोन पाने आहेत. एका पानावर वाचवलेला खर्च पुष्कळदा दुसऱ्या पानावर, कोणाच्या तरी नावे, गुपचूप मांडलेला असतो. मातीचा भार हलका केला म्हणतो तेव्हा तो कोणाच्या तरी पाठीवर गेलेला असतो, आणि पाठीचा भार हलका केला म्हणतो तेव्हा तो मातीत गेलेला असतो. दोन्ही पाने मिळवल्याशिवाय वस्तू चांगली की वाईट हे सांगता येत नाही. आता काही उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण सायकल रिक्षाचे. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. पर्यावरणाच्या पानावर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. आता दुसरे पान उघडा. जुन्या पद्धतीच्या रिक्षाला गिअर नसतात. दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन चढ आला, की चालक खाली उतरून ती हाताने ओढतो. म्हणजे पेट्रोल जळत नव्हते हे खरे, पण त्याच्या जागी एक माणूस जळत होता.

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या रिक्षावर काम केले. गिअर बसवले, ब्रेक सुधारले, बसण्याची जागा नीट केली. नंतर चढावर मदत करणारी छोटी मोटर जोडली आणि पुढे पूर्ण बॅटरीवर चालणारी रिक्षाही करून पाहिली. आज शहरोशहरी ई-रिक्षा दिसते, पण तो विचार आपल्या फलटणमध्ये इतक्या लवकर झाला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मात्र खतावणी इथेही बंद करता येत नाही. आजच्या पुष्कळ ई-रिक्षा शिशाच्या बॅटरीवर चालतात. ती बॅटरी थोड्याच वर्षांत संपते. तिचे शिसे कोणी उघड्या भट्टीत वितळवले, तर चालकाच्या मांड्यांवरून उतरलेला भार भट्टीवाल्याच्या रक्तात आणि आसपासच्या जमिनीत जातो. ती बॅटरी नियमाप्रमाणे परत गोळा करण्याची सोय हाही त्या रिक्षाच्या रचनेचाच एक भाग आहे.

दुसरे उदाहरण कुल्हडचे. २००४ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्टेशनवरचा चहा मातीच्या कुल्हडमध्ये द्यावा असे ठरवले. २०२० मध्ये पुन्हा तीच घोषणा झाली. हेतू चांगला होता. प्लास्टिक कमी व्हावे आणि कुंभाराला काम मिळावे. मातीचा वास लागलेला चहा मलाही आवडतो. पण आपण चहावाल्याच्या बाजूने पाहू. शंभर कागदी कप एकात एक बसून त्यांची चळत काखेत मावते. शंभर कुल्हड तसे एकात एक बसत नाहीत. त्यांना टोपली लागते, वजन होते, आणि धक्क्यात काही फुटतातही. एका हातात उकळत्या चहाची किटली, दुसऱ्या हातात ही टोपली आणि दरवाजात उतारूंची गर्दी, अशा अवस्थेत तो माणूस गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार कसा?

पर्यावरणाचे पानही वाटते तितके कोरे नाही. भट्टीत भाजलेली माती पुन्हा सहजासहजी माती होत नाही. हडप्पाची खापरे चार हजारांहून अधिक वर्षांनी सापडतात, ती याच कारणाने. शिवाय भट्टीला इंधन लागते. दुसरीकडे कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तोही निर्दोष नाही. मग उत्तर काय? ज्या स्टेशनवर कुंभारवाडा जवळ आहे आणि चहा ठेल्यावर उभ्याने प्यायचा आहे, तेथे कुल्हड शोभतो. चालत्या गाडीत तो विक्रेत्याच्या खांद्याला जड जातो. एकच फर्मान सगळ्या जागांना लावले, की चांगली वस्तूही फसते.

तिसरे उदाहरण रुळाखालच्या स्लीपरचे. आपल्याकडे पूर्वी स्लीपर लाकडाचे असत. साल, साग, देवदार अशी जंगलेच्या जंगले रुळाखाली गेली. एका किलोमीटरला आजच्या हिशेबाने साधारण १,६६० स्लीपर लागतात, त्यावरून किती झाडे लागली असतील याचा अंदाज करावा. पुढे बिडाचे आणि पोलादाचे स्लीपर आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काँक्रीटचे स्लीपर येऊ लागले. जंगल वाचले, स्लीपरचे आयुष्य वाढले, रूळ अधिक स्थिर झाला. पण लाकडी स्लीपर गँगमन खांद्यावर घेत आणि त्याखाली बीटरने खडी ठोकून बसवीत. ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर अडीचशे किलोंहून जड असतो. तो माणसाच्या अंगाच्या मापाबाहेरचा आहे. म्हणून त्याच्याबरोबर खडी बसवणारी टॅम्पिंग मशीन आली आणि रूळ टाकणारी यंत्रे आली. जेथे स्लीपर आणि यंत्र दोन्ही पोहोचले, तेथे झाड वाचले आणि पाठही वाचली. जेथे एखादा स्लीपर बदलायचा आहे आणि यंत्र पोहोचत नाही, तेथे त्या वजनाशी माणसांनाच झुंजावे लागते. तेव्हा नव्या वस्तूबरोबर ती हाताळण्याची सोय द्यायची असते. नंतर बघू म्हणून चालत नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. विषय आहे गाडीतल्या संडासाचा. प्रसादाच्या आधी हा विषय काढतो आहे याबद्दल क्षमा असावी. पण ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तेथून आलेल्या माणसांना हा विषय अमंगळ वाटण्याचे कारण नाही.

आपल्या म्हैसूर स्टेशनजवळच्या रेल्वे संग्रहालयात महाराणींचा १८९९ सालचा सलून आहे. मुलांना घेऊन आपण सगळेच कधीतरी तेथे गेलो असू. त्या सलूनमध्ये स्वयंपाकाची सोय आहे आणि स्वच्छतागृहही आहे. आता त्यानंतर दहा वर्षांनी काय झाले ते पाहा. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला तक्रारीचे पत्र लिहिले. फणस जास्त खाल्ल्यामुळे ते एका स्टेशनवर उतरून शौचाला गेले, इतक्यात गार्डने शिटी दिली, आणि एका हातात तांब्या व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते फलाटावर सर्वांदेखत पडले. गाडी निघून गेली. ते पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे. लोक ते वाचून हसतात. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. राणीसाहेबांच्या देहाची सोय रचनेत धरलेली होती आणि साध्या उतारूच्या देहाची धरलेली नव्हती. सोय कोणाच्या अंगाची धरायची, हा रचनेतला पहिला निर्णय असतो.

पुढे साध्या डब्यांनाही संडास मिळाले. पण ते होते खाली उघडे भोक असलेले. वापरणाऱ्याला यात काहीच अडचण नव्हती. नळी सरळ असल्याने तुंबण्याचा प्रश्न नव्हता, दुरुस्ती जवळजवळ नव्हती. उतारूपुरते पाहिले तर ती सोपी आणि टिकाऊ रचना होती. फक्त त्या भोकाखाली कोण आहे, याचा विचार कोणी केला नव्हता. खाली रूळ होता. रूळ, क्लिपा आणि बोल्ट त्या घाणीने गंजत. खाली गँगमन होता. गाडी धडधडत जाताना तो रुळाशेजारी तोंड फिरवून उभा का राहायचा, हे रेल्वेतल्या माणसांना सांगायला नको. आणि स्टेशनच्या फलाटाखालच्या रुळांवर सफाई कामगार होते. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा जो कायदा झाला, त्याच्या व्याख्येत 'रेल्वे रूळ' हे शब्द घालावे लागले, यावरून काय ते समजावे.

२०१२ च्या फेब्रुवारीत डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने रेल्वे सुरक्षेवरचा आपला अहवाल दिला. रुळांवर होणारे हे विसर्जन पाच वर्षांत थांबवावे असे त्यात सुचवले होते. संडासाचा प्रश्न सुरक्षेच्या अहवालात आला, कारण गंजलेला रूळ तुटतो. पाहा, उतारूची सोय, कामगाराची प्रतिष्ठा, मातीची स्वच्छता आणि गाडीची सुरक्षा हे सगळे त्या एका भोकाशी बांधलेले होते.

उत्तर म्हणून जैविक शौचालय, म्हणजे बायो-टॉयलेट आले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने सियाचिनसारख्या बर्फाळ ठाण्यांवरच्या जवानांसाठी मैला कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले होते. तेच रेल्वेने घेतले. डब्याखाली स्टेनलेस स्टीलची टाकी बसवली. हवेवाचून जगणारे जिवाणू टाकीत मैल्याचे पाणी आणि वायू करतात. पाणी क्लोरीनच्या गोळ्यांवरून जाऊन बाहेर पडते. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसला हे संडास प्रथम लागले. जुलै २०१६ मध्ये मानामदुरै ते रामेश्वरम हा पहिला हरित मार्ग जाहीर झाला. पुढच्या तीन-चार वर्षांत देशातल्या प्रवासी डब्यांना अडीच लाखांहून अधिक बायो-टॉयलेट बसले. जगातल्या कोणत्याही रेल्वेने अभिमान बाळगावा असे हे काम आहे, आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वर्कशॉपच्या माणसांनी ते केले आहे.

पण हे काम मधल्या काळात एका साध्या ठिकाणी अडले. कॅगने डिसेंबर २०१७ मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालात सुमारे २५ हजार बायो-टॉयलेट तपासली होती. त्यांत २०१६-१७ या एका वर्षात जवळजवळ २ लाख तक्रारी निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक तुंबण्याच्या होत्या. जिवाणू बिचारे आपले काम करायला तयार होते. त्यांच्यापर्यंत माल पोहोचत नव्हता. मध्ये नळीत पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड, मुलांचे डायपर अडकून बसलेले होते.

आता आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'आपल्या लोकांना शिस्त नाही.' मी म्हणतो, विमानातल्या त्या दोन दांड्या आठवा. त्याच अहवालात आणखी दोन तक्रारी हजारोंनी नोंदलेल्या आहेत : संडासात कचऱ्याचा डबा नाही, आणि मग नाही. या दोन ओळी तुंबण्याच्या ओळीशेजारी ठेवून वाचाव्यात.

रात्रीची वेळ आहे. गाडी वेगात आहे, डबा हलतो आहे. माणूस उकिडवा बसला आहे आणि त्याचा एक हात दांडीला घट्ट आहे. मग नाही, म्हणून त्याने पाण्याची बाटली बरोबर आणली आहे. काम झाल्यावर रिकामी बाटली ठेवायची कोठे? डबा नाही, फळी नाही, खुंटी नाही. ओली बाटली पुन्हा बर्थवर नेणे कोणालाच नको असते. एखादी भगिनी मासिक पाळीत प्रवास करीत असेल, तर तिने काय करावे? आई लहान मुलाला धरून उभी असेल, तर डायपर कोठे टाकावा? समोर एकच भोक आहे, आणि ते भोक शंभर वर्षे सगळे गिळत आले आहे. जुन्या संडासात खाली पडलेली वस्तू दिसेनाशी व्हायची. नवा संडास वरून तसाच दिसतो, आणि आत मात्र पाणी अडवणारी वाकडी नळी आहे. वरचे भांडे जुनीच सवय आठवून देते आणि आतली नळी नवी सवय मागते. बाटली कोठे जाणार, हे त्या माणसाने ठरवण्याआधीच रचनेने ठरवून टाकलेले असते.

आणि तुंबलेली नळी मोकळी कोणी करायची? पिटलाइनवरच्या कामगाराने. ज्याचा हात मैल्यातून सोडवण्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्याचाच हात पुन्हा तेथे गेला. टाकी उत्तम, जिवाणू उत्तम, हेतू उत्तम, आणि हे सगळे काही रुपयांच्या डब्यापाशी आणि साखळीच्या मगापाशी अडले. म्हणून मी म्हणतो, की अर्गोनॉमिक्स हा पर्यावरणाच्या यंत्राला वरून लावायचा रंग मानू नये. तो त्या यंत्राचाच एक पुर्जा आहे. तो नसला तर यंत्र चालत नाही.

नंतर सुधारणा झाल्या. डबे ठेवले गेले, मग साखळीने बांधले गेले, काय टाकू नये याची चित्रे लागली. विमानासारखे हवेच्या ओढीचे व्हॅक्यूम संडास जोडण्यास सुरुवात झाली. त्याला एका वेळी साधारण अर्धा लिटर पाणी पुरते. २०१९ मध्ये धावू लागलेल्या वंदे भारत गाडीत ते सुरुवातीपासूनच आहेत. पण हे लक्षात असू द्यावे, की व्हॅक्यूमची नळी बाटलीला मुळीच दयामाया दाखवीत नाही. संडास जितका हुशार, तितका हाताशी असलेला कचऱ्याचा डबा महत्त्वाचा. आणि तो डबा रोज रिकामा करणारा माणूस, त्याचे हातमोजे, त्याला वाकावे लागू नये अशी डब्याची उंची, हेही त्याच रचनेत येते.

या सगळ्यावरून मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणतीही वस्तू घेताना, करताना किंवा तिची निविदा काढताना ते विचारावेत.

पहिला : ही वस्तू उचलणार कोण, आणि दिवसातून किती वेळा?

दुसरा : ती धुणार आणि दुरुस्त करणार कोण, आणि त्या वेळी त्याचा हात, पाठ आणि नाक कोठे असेल?

तिसरा : ती शेवटी जाणार कोठे, आणि तेथे कोण राहते?

तिन्ही प्रश्नांत वस्तू विकत घेणारा कोठेच नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. त्याची सोय दुकानदार पाहतोच. प्रश्न बाकीच्यांचा असतो.

आता हे प्रश्न आपल्याच मांडवाला लावू. व्याख्यान देऊन घरी जायचे आणि मांडव तसाच ठेवायचा, हे बरे दिसत नाही.

प्रथम मूर्ती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत, नैसर्गिक मातीच्या असाव्यात असे सांगितले आहे. ते आपल्याला पटते. पण प्लास्टरची मूर्ती पोकळ आणि हलकी असते, मातीची जड आणि नाजूक असते. त्यामुळे प्लास्टरच्या काळातली उंची कायम ठेवून फक्त माती बदलली, तर तळ्याचा भार उतरतो आणि कार्यकर्त्यांच्या कमरेवर चढतो. यात एक साधे गणित आहे. आकार तोच ठेवून उंची दुप्पट केली, की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट होतात, आणि वजन आठपट होते. दीड फुटाची भरीव मूर्ती समजा १२ किलोंची असेल, तर तीन फुटांची ९६ किलोंची होईल. ती ट्रकवर चढवताना एखाद्याचा मणका सरकला, तर त्याला आपण पर्यावरणपूरक उत्सव म्हणायचे का?

म्हणून माझी सूचना अशी, की मूर्तीची उंची वर्गणीवरून ठरवू नये. चौघांना ती कमरेत न वाकता, न धापा टाकता उचलता आली पाहिजे, एवढे माप धरावे. पाटाला दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या असाव्यात. आपल्या कुंभारगेरीतल्या कारागिरांना हे आधी सांगितले, तर ते आनंदाने तसे करून देतील. वापरणारा आणि बनवणारा एकाच गावात असण्याचा जुना फायदा आपल्याला अजून मिळू शकतो.

नंतर विसर्जन. आपल्या वरुणा गावातले तळे आणि त्यावर येणारे पक्षी हे आपले भाग्य आहे. ते तसेच राहायचे असेल तर मूर्ती हौदात विसर्जित करावी. हौदाचा काठ मात्र असा असावा, की वयस्कर माणसालाही खाली न वाकता मूर्ती पाण्यात सोडता यावी, आणि पाय घसरणार नाही अशी खरखरीत फरशी भोवती असावी. विरघळलेली माती बागेला किंवा पुढच्या मूर्तीला वापरता येते. हौद गैरसोयीचा असला, तर लोक गुपचूप तळ्यावर जातील, आणि आपण पुन्हा म्हणू, लोकांना शिस्त नाही.

शेवटी महाप्रसादाची ताटे. थर्माकोल आपण सोडले, हे चांगले झाले. सुपारीच्या पानाच्या ताटल्या आपल्या भागात सहज मिळतात आणि मातीत मिसळतात. स्टीलची ताटे तर वर्षानुवर्षे चालतात, म्हणून मातीच्या हिशेबात ती सर्वांत चांगली. पण दुसरा प्रश्न विचारायला विसरू नका. दोनशे ताटे धुणार कोण? आजवरचा अनुभव असा, की ठराव पुरुष करतात आणि ताटे बायका उकिडव्या बसून घासतात. स्टीलची ताटे आणायची असतील, तर त्याच बैठकीत कमरेइतक्या उंचीचा धुण्याचा ओटा मंजूर व्हावा, आणि घासण्याच्या पाळीच्या यादीत पदाधिकाऱ्यांची नावे सर्वांत वर असावीत. (अध्यक्ष हसत आहेत, म्हणजे ठराव मंजूर झाला असे मी समजतो.)

बंधू-भगिनींनो, आपण घर सोडून या म्हैसूरच्या मातीत आलो, आणि या मातीने आपल्याला जागा दिली. तिला भार होणार नाही असे वागणे हे आपले काम आहे. ते करताना आपला भार आपल्यातल्याच कोणा गरिबाच्या, कामगाराच्या किंवा घरातल्या बाईच्या अंगावर ढकलायचा नाही, हेही आपलेच काम आहे. पुढच्या वर्षीची पहिली बैठक होईल, तेव्हा वर्गणीच्या आकड्याआधी ते तीन प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, एवढीच विनंती करतो.



गणपती बाप्पा मोरया!